एकवीस बगळ्यांच्या माना

माझ्या हातची रेघ चुकली असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! निदान एकसष्ट सालच्या जानेवारीपर्यंत मी हे वाक्य छातीवर हात ठेवून म्हणत असे. भिलाईच्या कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. पाइप, पायऱ्या, धुराडी, सगळं आधी आमच्या टेबलावर उभं राहायचं आणि मग जमिनीवर. एका सुताचा फरक पडला तर तिकडे लोखंड लोखंडाला लागायचं नाही. मग अशा माणसाला नाटकाचा एक पडदा रंगवणं म्हणजे काय? किस झाड की पत्ती!

पडदा हवा होता आमच्या महाराष्ट्र मंडळाला. मंडळाचे सेक्रेटरी भय्याजी टाइम ऑफिसात होते आणि त्यांनी स्वतः एक पौराणिक नाटक लिहिलं होतं. पहिला अंक ऋषीच्या आश्रमात.

"पडद्याचं माह्यावर सोडा," मी म्हटलं. "असा आश्रम काढतो, का लोकं चपला बाहेर काढून बसतीन!"

वीस दिवस आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात तो पडदा टांगलेला होता. माझी बायको प्रेमला वीस दिवस कपडे वाळत घालायला शेजारी जात होती. पण पडदा झाला मात्र देखणा! झोपडी, नदी, डोंगर आणि वर निळ्याभोर आभाळात बगळ्यांची रांग. एकवीस बगळे! दोन बगळ्यांमध्ये बरोबर नऊ इंचांचं अंतर आणि प्रत्येकाची मान फूटपट्टीसारखी सरळ.

नाटकाला दहा दिवस होते. त्या संध्याकाळी सगळी मंडळी तालमीसाठी आमच्या अंगणात जमली. ऋषीचं काम कृष्णरावांकडे होतं. हे कृष्णराव मूळचे वर्ध्याकडचे, दुर्गला मालगाडीवर गार्ड. त्यांनी पडदा पाहिला. डोकं डावीकडे कलतं करून पाहिला, उजवीकडे कलतं करून पाहिला आणि दाढी खाजवत म्हणाले,

"नरहरीभाऊ, बगळे झकास हायेत. पण यायच्या माना कावून अशा?"

"कशा?"

"सरळ. बगळा उडताना मान घडी करते ना भाऊ! छातीशी मुडपून घेते. मी रोज पाहून राहिलो डब्यातून."

माझ्या अंगातून भट्टीची झळ गेली. "काहीतरीच काय! एवढी लांब मान घडी कराले थे काय लुगडं हाय?"

"मग लांब मान हवेत घेऊन थो उडन कसा? तोल जाईन ना त्याचा!"

"पाय मागं असतात ना तोल सांभाळाले!"

वाद ऐकून तालीम थांबली. तेवढ्यात खरंच एक बगळा आमच्या छपरावरून गेला. सगळे धावले! भय्याजी हातात वही घेऊन, राजकन्या झालेला पोरगा पदर सावरत. बगळा गेला. सगळे माना वर करून उभे.

"सरळ होती!" भय्याजी म्हणाले.

"मुडपलेली होती!" राजकन्या म्हणाली.

"मले त फक्त पोट दिसलं," प्रेमला म्हणाली. मग पदर कमरेला खोचत ती विचारात पडली. "नवलच हाय बाई! जन्म गेला, रोज डोक्यावरून जाते, पण मान कुठी ठेवते, हे कदी पाह्यलंच नाई."

आणि नेमकं तिथेच सगळं बिघडलं. कारण मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून मी आभाळाकडे पाहत चालू लागलो. एका सायकलवाल्याला धडकलो, एका नालीत पाय गेला. टेबलावर वॉटर लाइनचं ड्रॉइंग आणि डोक्यात बगळ्याची मान. बगळा दिसायचा, पण 'मान, मान' म्हणेपर्यंत तो कुम्हारीच्या दिशेला लागलेला असायचा. ऑफिसातही दोन तट पडले. भय्याजी तर म्हणाले, "नरहरी, हजार माणूस येणार हाय. चूक असन त मंडळाचं हसं होईन. पुढच्या शुक्रवारपर्यंत पक्कं सांग, नाई त पडदा रद्द. मी मागं चादर लावतो."

चादर! माझ्या पडद्याच्या जागी चादर! मी छाती पुढे काढून म्हणालो, "शुक्रवारी तुमच्या हातात फोटो ठेवतो. उडत्या बगळ्याचा!"

आता, फोटोसाठी कॅमेरा लागतो ही अडचण माझ्या घरी पोचल्यावर लक्षात आली.

कॅमेरा होता मकारसाहेबांकडे. हे आमचे रशियन इंजिनियर. पूर्ण नाव इतकं लांब होतं की ते ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मावायचं नाही, म्हणून सगळे त्यांना मकारसाहेब म्हणत. माणूस लाखात एक. हिंदीचे चाळीसेक शब्द त्यांनी पाठ केले होते आणि ते चाळीसच्या चाळीस रोज वापरायचे.

शनिवारी सुट्टी होताना मी त्यांना गाठलं. "साहब, दो दिन के लिए कॅमेरा चाहिए. बगुले का फोटो लेना है."

"बंगले का?" साहेबांचे डोळे चमकले.

"हां हां, बगुला! सफेद बगुला!"

"सफेद! बहुत सफेद!" त्यांनी माझा खांदा असा दाबला की दोन दिवस टी-स्क्वेअर उचलता आला नाही. "आज! अभी! चलो!"

मला वाटलं, यांच्या बागेत बगळे उतरत असतील. मी आनंदाने मागे गेलो. साहेबांनी मला फाटकाशी उभं केलं, आत गेले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले ते काळा कोट घालून, छातीवर दोन पदकं लावून! मागोमाग मॅडम आल्या, फुलाफुलांच्या झग्यात. त्यांनी पितळी चहादाणी आणून पायरीवर ठेवली. दोघं पांढऱ्याशुभ्र बंगल्यासमोर ताठ उभे राहिले.

"फोटो!" साहेब म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण आता सांगणार काय? मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणत होत्या, साहेबांनी मला हिंदी-इंग्रजीत समजावलं, की त्यांच्या आईने मुलीचं इथलं घर अजून पाहिलेलं नाही. अशा वेळी 'साहेब, मला पक्षी हवा होता' असं म्हणायला दगडाचं काळीज लागतं. मी बंगला समोरून घेतला, बाजूने घेतला, खिडकी घेतली, दार घेतलं. साहेब मधूनमधून शेजारी येऊन कुठे दाबायचं, अंतर कसं लावायचं, शिकवत होते. रोलच्या छत्तीसमधले बारा फोटो बंगल्यात गेले! पण कॅमेरा सोमवारपर्यंत माझ्या गळ्यात आला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं मरोद्याच्या तलावावर गेलो. मी, साक्षीदार म्हणून कृष्णराव आणि मला एकट्याला कॅमेऱ्यासह पाण्याजवळ सोडायला तयार नसलेली प्रेमला.

काय देखावा होता! काठावरच्या चिखलात वीस-बावीस म्हशी आणि म्हशींच्या पाठीवर, पायांशी, शेपटीशी बगळेच बगळे. म्हशी चरत होत्या, बगळे म्हशींच्या पायांतून उठणारे किडे टिपत होते. बाभळीखाली गुराखीण भीमाबाई काठी टेकून डुलक्या घेत होती.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. बगळे बसले. मी कॅमेरा खाली घेतला. बगळे उडाले! पुन्हा डोळ्याला लावला, पुन्हा सगळे साधूसारखे स्वस्थ. एखादा उडायचा, मी कळ दाबायचो, तोवर चौकटीत नुसतं आभाळ! असे पंधरा फोटो गेले.

"आठच राह्यले," कृष्णराव म्हणाले. प्रत्यक्षात नऊ होते, पण कुणाचा हिशेब धरायची माझी मनःस्थिती नव्हती. "नरहरीभाऊ, यायले एकदम उडवा लागते. आवाज करा काईतरी."

मी टाळ्या वाजवल्या. ओरडलो. कृष्णरावांनी गार्डाची शिट्टी फुंकली. बगळ्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. कारखान्याचा भोंगा रोज ऐकणारे बगळे ते, शिट्टीला काय भिणार!

तेव्हा प्रेमलाने पिशवीतून पितळेची परात आणि उलथनं काढलं. दुपारच्या भाकरी तिथेच करायचा तिचा बेत होता.

"वाजवू का?"

"मी 'हं' म्हणलं का वाजव! जोरानं!"

मी म्हशींच्या समोर वीस पावलांवर उकिडवा बसलो. श्वास रोखला. "हं!"

प्रेमलाने परात अशी बडवली की बाभळीवरचे कावळे उडाले. बगळे? एकही नाही! पण म्हशींनी माना वर केल्या. सगळ्यांनी एकदम. त्यांच्या डोळ्यांत अशी काही माया दाटून आली म्हणता! आणि मग त्या निघाल्या. आधी चालत, मग दुडक्या चालीने, मग चौखूर. सरळ प्रेमलाकडे!

आम्हाला काय माहीत, की भीमाबाई रोज दाण्याच्या वेळी टोपलं बडवून म्हशींना बोलावते?

"अवो, याह्यले थांबवा ना!" प्रेमला ओरडली आणि धावत माझ्या मागे येऊन उभी राहिली. घाबरल्यामुळे तिचा हात थांबेना. ती वाजवतच होती! बावीस म्हशी आता माझ्याकडे येत होत्या.

"वहिनी, परात टाका!" कृष्णराव बाभळीच्या फांदीवरून ओरडले. ते वर कधी चढले, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

आणि त्याच वेळी पायाखालची म्हैस पळू लागल्यामुळे सगळे बगळे उठले! पांढराशुभ्र फवारा उडावा तसे! मी कळ दाबली, गुंडी फिरवली, दाबली, फिरवली. नाकाशी म्हशीचा श्वास आला तेव्हा शेवटची दाबली आणि मागच्या मागे चिखलात गेलो. कॅमेऱ्याचा हात तेवढा वर ठेवला, एवढं भान मात्र मला राहिलं.

भीमाबाई जागी झाली. म्हशी प्रेमलाभोवती रिंगण करून परात हुंगत होत्या. परात रिकामी.

"काबर बजावथस ओ बाई!" भीमाबाई कमरेवर हात ठेवून कडाडली. "अभी दाना के बेरा नइ होय हे! अब ये मन दूध नइ देवय!"

दाण्याची वेळ नसताना बोलावल्यामुळे म्हशी आता दूध देणार नाहीत, हे ऐकून प्रेमलाचा चेहरा उतरला. मुक्या जनावरांना आपण खोटंच जेवायला बोलावलं, हे तिला फार लागलं. तिने भाकरीचं सगळं पीठ परातीत ओतलं आणि म्हशींपुढे ठेवलं. मग भीमाबाईला हात जोडून सगळी गोष्ट सांगितली. भीमाबाईने ऐकून घेतली, बगळ्यांकडे पाहिलं आणि विचारात पडली. "सही बात ए. घेंच ला कहां राखथे?"

बघा! मान कुठे ठेवतो, हे रोज बगळ्यांत बसणाऱ्या भीमाबाईलाही सांगता येईना!

एवढ्यात पहारेकरी आला. तलाव कारखान्याच्या पाण्याचा. तिथे फोटो काढायला बंदी आहे हे एका पाटीवर लिहिलं होतं आणि त्या पाटीवर बगळा बसला होता म्हणून मी फक्त बगळा पाहिला होता.

"क्या खींच रहे थे?"

चिखलातून उठत मी खरं ते सांगितलं. "गर्दन."

"किसकी गर्दन?"

"बगुले की, साब," फांदीवरून कृष्णराव मदतीला आले. "ये बोलता है सीधी, मैं बोलता हूं मुड़ी हुई."

पहारेकऱ्याने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग नावं लिहून घेतली आणि कॅमेरा रोलसकट घेऊन गेला.

सोमवारी मकारसाहेबांनी विचारलं, "कॅमेरा?" मी म्हटलं, "बगुला थोडा बाकी है." मंगळवारी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "एक-दो बगुला और." साहेब खूश! मी अख्ख्या कॉलनीतले बंगले टिपत फिरतोय असंच त्यांना वाटत असणार.  परक्याची वस्तू गेली, नोकरीचं काय होणार ठाऊक नाही आणि भय्याजी चादरी पाहत होते.

बुधवारी बोलावणं आलं. सुरक्षा अधिकारी फौजेतून आलेले, मिशा अशा की त्यावर कपडे वाळत घालावेत. टेबलावर छत्तीस फोटो ओळीने मांडलेले.

"ये बारह," त्यांनी बोट ठेवलं. "बंगला आगे से, बंगला बगल से, खिड़की, दरवाज़ा. वजह?"

"साब, वो बंगला नहीं, बगुला है!"

"मैं भी तो वही पूछ रहा हूं! बंगला क्यों?"

चार वेळा असं झाल्यावर त्यांनी मकारसाहेबांनाच बोलावून घेतलं. मी भिंतीला टेकलो. साहेब आले, भुवया आक्रसलेल्या. त्यांची नजर टेबलावर गेली आणि ते एकदम थांबले. त्यांनी बारा फोटो एकेक करून उचलले. पदकं स्वच्छ, चहादाणी स्वच्छ, मॅडमचं हसू स्वच्छ. बंगला उडत नाही ना, त्यामुळे एका सुताचा फरक नव्हता! साहेबांनी मला उचलून मिठी मारली. मग अधिकाऱ्यांनाही मारली. मिशा एका बाजूने वाकल्या.

"ठीक है," मिशा सरळ करत अधिकारी म्हणाले. "मगर ये बाकी क्या है?"

बाकी वीस फोटोंत आभाळ होतं. एकात परात, एकात बाभळीवरून लोंबणारे कृष्णरावांचे पाय, शेवटच्यात म्हशीची एक नाकपुडी. पण पस्तिसावा फोटो! मी तो हातात घेतला आणि खरं सांगतो, आपण कुठे उभे आहोत, हेच विसरलो.

खाली म्हशींच्या पाठी, नुसत्या काळ्या, हललेल्या. आणि त्यांच्यावर तिरकी चढत गेलेली बगळ्यांची रांग. सात बगळे. सगळ्यात खालचा नुकताच उठलेला. त्याची मान लांब, सरळ! त्याच्या वरच्याची किंचित वाकलेली. तिसऱ्याची अजून थोडी. पाचव्याची इंग्रजी एस अक्षरासारखी. आणि सगळ्यात वरच्याची छातीशी मिटून घेतलेली, थंडीत माणूस खांद्यात मान घालतो तशी. एकच बगळा सात वेळा उडावा, तसं ते दिसत होतं.

अधिकाऱ्यांनी भिंग काढलं. मकारसाहेब त्यांच्या खांद्यावरून वाकले. चपराशी चहा घेऊन आला आणि ट्रे हातात तसाच धरून पाहत राहिला.

"पहले सीधी," अधिकारी हळूच म्हणाले, "बाद में मुड़ती है."

"और पैर?" चपराशाने विचारलं. मग आम्ही पायही पाहिले. खालच्याचे लोंबत होते, वरच्याचे मागे ताणलेले. त्या खोलीत आम्ही चौघं किती वेळ होतो, कोण जाणे! मला ताकीद मिळाली, कॅमेरा मिळाला आणि तो एक फोटोही मिळाला.

तो मी कृष्णरावांपुढे ठेवला. "पाह्यलं? सरळ असते!"

"खाली," कृष्णराव म्हणाले. "तुमचे बगळे डोंगराच्या वर हायेत. तिथं मुडपाच लागन."

झालं! आता एकवीस माना खोडायच्या, तर त्या जागी आभाळाचा निळा भरायला हवा आणि तो निळा मला पुन्हा काही केल्या जमेना. गुरुवारी मी पाच वेळा रंग कालवला. पाचही वेळा आभाळाला ठिगळ लागल्यासारखं दिसलं. शुक्रवारी पहाटे मला युक्ती सुचली. माना कशाला बदलायच्या? बगळे नुकतेच उठले आहेत असं दाखवलं की झालं! ते कशावरून उठले, तेवढं खाली काढायचं!

"ऋषीच्या आश्रमात मशी?" भय्याजी किंचाळले. "गाई काढ ना!"

"पुरावा मशीचा हाय," मी फोटो दाखवला.

"अन् त्या डोंगराच्या शेंड्यावर काय करून राहिल्या?"

"चरून राहिल्या."

वाद घालायला वेळच नव्हता. मी डोंगराच्या माथ्यावर पाच म्हशी काढल्या. प्रेमला म्हणाली, "एकदा मशी पाहून त या." मी हसलो. म्हैस कुणी पाहिली नाही? त्यासाठी तलावावर कशाला जायला हवं!

शनिवारी संध्याकाळी मंडप गच्च भरला. पहिल्या रांगेत मकारसाहेब आणि मॅडम, त्यांच्या शेजारी मिशावाले अधिकारी. बायकांच्या बाजूला प्रेमलाने भीमाबाईला मानाने आणून बसवलं होतं. घंटा झाली. पडदा दिसला आणि मंडपातून एक 'वा!' उठली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अधिकारी शेजाऱ्यांना बोट दाखवून काहीतरी समजावत होते. मानच असणार! कृष्णराव दाढी लावून पुढे आले, हात उंचावून म्हणाले, "अहा! किती शांत हे तपोवन!"

आणि बायकांच्या बाजूने भीमाबाई उठून उभी राहिली.

"अई ददा!" तिचा आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. "भैंसी के सींग ला कोन उल्टा लगा दिस?"

मी विंगेतून पाहिलं. पाच म्हशी. दहा शिंगं. सगळी पुढे रोखलेली, बैलासारखी. म्हशीची शिंगं मागे वळतात, हे मला त्या क्षणी, हजार माणसांबरोबर एकदमच आठवलं!

पुढची दहा मिनिटं नाटक झालं नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. ऋषी हसला आणि त्याची दाढी राजकन्येच्या हातात आली. भय्याजी वहीत तोंड खुपसून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

अंक संपल्यावर कृष्णराव विंगेत आले. दाढी खिशात घालत शांतपणे म्हणाले, "मले त शिंगं कालच दिसली होती."

"मग सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं असतं, त तुमी पुन्हा कॅमेरा मागाले गेले असते."

 आणि खरंच, गेलो असतो!